काठीत दडलेला थर्मामीटर



स्मरणिकेसाठी लेख द्या म्हटले की आम्हा रेल्वेवाल्यांकडून रुळांची, पुलांची, नाहीतर जुन्या इंजिनांची गोष्ट अपेक्षित असते. यंदा विषय थोडा वेगळा निवडला आहे. तो म्हणजे हातातली काठी. काठी म्हटले की आपल्याला आजोबा आठवतात, नाहीतर गुराखी. पण दोनशे वर्षांपूर्वी युरोपात काठीच्या पोटात दुर्बिणीपासून थर्मामीटरपर्यंत शास्त्रीय उपकरणे बसवण्याचा एक धंदाच होता. आणि आपल्या देशातल्या अशाच एका काठीने हिमालयापलीकडच्या बंद मुलखाची उंची मोजून आणली. पहिली गोष्ट गमतीची आहे. दुसरी नुसती गमतीची नाही. मोजणीशी रोज संबंध येणाऱ्या माझ्यासारख्या डिप्लोमा इंजिनिअरला ही दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

साहेबाच्या हातातली काठी

काठीत वस्तू लपवण्याची कल्पना फार जुनी. रेशीम कसे तयार होते हे चीनने शतकानुशतके गुपित ठेवले होते. इ.स. ५५२ च्या सुमारास काही भिक्षूंनी रेशीमकिड्यांची अंडी पोकळ काठीत घालून कॉन्स्टँटिनोपलला बादशहा जस्टिनियनकडे पोहोचवली, असे सांगितले जाते. आपल्याकडे काठीत पाते दडवलेली गुप्ती तर सर्वांना माहीत आहे. बाहेरून काठी, मूठ ओढली की शस्त्र.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या प्रतिष्ठित पुरुषांच्या कमरेची तलवार गेली आणि हातात काठी आली. घराबाहेर पडताना टोपी आणि काठी हवीच, असा रिवाज पडला. मग कारागिरांनी विचार केला की नाहीतरी ही वस्तू दिवसभर हातात असते, तर तिच्या पोकळीचा उपयोग का करू नये? मुठीचे झाकण फिरवले की होकायंत्र दिसावे, मूठ ओढली की दुर्बीण निघावी, कांडे उघडले की थर्मामीटर यावा, अशा काठ्या बनू लागल्या. कुणाच्या काठीत मोजपट्टी, कुणाच्या काठीत छोटा सूक्ष्मदर्शक, डॉक्टरांच्या काठीत औषधाच्या नळ्या. घोडे खरेदी करणाऱ्यांसाठी एक खास काठी असे. तिच्यातून उभी पट्टी वर सरके, तिला आडवा पितळी हात असे आणि त्या हातात स्पिरिट लेव्हलची बारीक नळी. हात घोड्याच्या खांद्यावर टेकवायचा, बुडबुडा मध्यावर आणायचा आणि उंची वाचायची. आम्ही रुळांची आडवी पातळी पाहताना जो बुडबुडा बघतो, तोच हा बुडबुडा! १९०३ मध्ये बर्लिनच्या लेहमान कंपनीने तर काठीच्या मुठीत कॅमेरा बसवला. त्याचे नाव ‘बेन अकिबा’.

या काठ्यांना तिकडे ‘सिस्टीम स्टिक’ म्हणत. त्यातल्या काही खरोखर कामाच्या होत्या. मोजणीदार, डॉक्टर, वनस्पती गोळा करणारे अभ्यासक ही सगळी पायी हिंडणारी माणसे, त्यांना एक डाग कमी झाला तरी मोठी सोय. बाकीच्या पुष्कळशा मात्र चारचौघांत मूठ उघडून वाहवा मिळवण्यासाठी होत्या. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, पोशाख बदलला आणि काठीची चाल मागे पडली. आज त्या संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांच्या कपाटात आहेत.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या काठ्यांत उपकरण ‘लपवलेले’ असले तरी ते पकडले गेले तर मालकाचे काहीच बिघडत नव्हते. उलट दाखवण्यासाठीच ते लपवलेले असे. आता ज्या काठीकडे वळायचे आहे, तिच्यातले उपकरण सापडले असते तर जीव गेला असता.

हिंगणघाटची समाधी

त्यासाठी आधी थोडे मागे जाऊ. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन याने एका आधाररेषेची मोजणी सुरू केली. शंभर फुटी पोलादी साखळी आणि सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट घेऊन तो त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत राहिला. हीच पुढची ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’, म्हणजे आपली जीटीएस. काम करता करताच २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला आणि तिथेच त्याला पुरले. सेवाग्रामहून बल्लारशाहकडे जाताना लागणारे हे स्टेशन आपल्यापैकी विदर्भातल्या मंडळींना चांगले परिचयाचे आहे. भारताच्या नकाशाचा पाया घालणारा माणूस तिथे विसावला आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

ही मोजणी अगदी उघड होती. हत्ती, तंबू, झेंडे, शेकडो माणसे. डोंगराच्या माथ्यावर यंत्र चढवायचे आणि मैलोगणती दूरच्या खुणेवर नजर लावायची. याच मोजणीतून हिमालयातल्या ‘पंधराव्या शिखरा’ची उंची निघाली. ते गणित राधानाथ सिकदार यांच्या हाताखालच्या गणकांच्या कचेरीत झाले आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. १८६५ मध्ये शिखराला एव्हरेस्ट हे नाव मिळाले.

पण शिखराच्या पलीकडे काय? तिबेटमध्ये परदेशी माणसाला मज्जाव होता. ल्हासा शहर नकाशावर नेमके कुठे ठेवायचे हेसुद्धा इंग्रजांना ठाऊक नव्हते. त्सांगपो नदी पुढे ब्रह्मपुत्रा होते की आणखी कुठे जाते, यावर विद्वानांत वाद होते. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट तिथे नेणे सोडाच, कागद-पेन्सिल घेऊन उभे राहणेही शक्य नव्हते.

जीटीएसमधला कॅप्टन टॉमस माँटगोमेरी याच्या ध्यानात आले की साहेबाला बंद असलेली खिंड इथल्या व्यापाऱ्याला आणि यात्रेकरूला मोकळी असते. १८६३ मध्ये त्याने अब्दुल हमीद नावाच्या मुनशीला लहान आकाराची उपकरणे देऊन यारकंदला पाठवले. हमीद पोहोचला, त्याने निरीक्षणेही घेतली. पण परतीच्या वाटेवर त्याचा मृत्यू झाला. त्याची टिपणे मात्र हाती आली आणि रीत चालते हे सिद्ध झाले.

मिलमचे मास्तर

त्याच सुमारास कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे नैनसिंह रावत आणि त्यांचे चुलतभाऊ मानी यांना डेहराडूनला बोलावण्यात आले. नैनसिंहांचा जन्म १८३० चा. ते गावच्या शाळेत मास्तर होते, म्हणून कागदोपत्री त्यांना ‘पंडित’ म्हणत. जोहारची माणसे पिढ्यान्पिढ्या तिबेटशी व्यापार करणारी, त्यामुळे भाषा येत होती. त्याआधी श्लागिन्टवाइट या जर्मन बंधूंबरोबर फिरून उपकरणांशी तोंडओळखही झाली होती.

डेहराडूनला त्यांना सेक्स्टंट, होकायंत्र, ताऱ्यांची ओळख आणि उकळबिंदूवरून उंची काढणे हे सर्व शिकवले. पण सगळ्यांत कठीण धडा चालण्याचा होता. चढ असो, उतार असो, खडक असो की चिखल, प्रत्येक पाऊल सारखेच पडले पाहिजे. सुमारे ८० सेंटिमीटरचे पाऊल, म्हणजे दोन हजार पावलांचा एक मैल.

आमच्या लाइनवर चाललेल्यांना यातली मेख लगेच कळेल. मेन लाइनला किलोमीटरमध्ये १६६० स्लीपर असतात, म्हणजे दोन स्लीपरमधले अंतर ६० सेंटिमीटर. नवा माणूस त्यावर चालू लागला की पाऊल कधी स्लीपरवर, कधी गिट्टीत. जुना की-मन मात्र न बघता स्लीपरवरच पाय टाकतो. पण त्याच्या पायाखाली निदान स्लीपर तरी आहेत! नैनसिंहांना कसलीही खूण नसलेल्या वाटेवर, सोळा-सतरा हजार फुटांवर, विरळ हवेत हेच करायचे होते. आणि तेही कुणाला न दिसता.

आता सामान पाहू. यात्रेकरूजवळ काय काय असते? काठी, जपमाळ, हातात फिरवायचे प्रार्थनाचक्र, कवड्या, लाकडी वाडगा आणि एखादी पेटी. माँटगोमेरीने यातली एकही वस्तू वाढवली नाही. होत्या त्याच वस्तूंच्या पोटात सर्व्हे ऑफिस बसवले.

जपमाळेला १०८ मणी असतात, इथे १०० ठेवले. कमी पडलेले आठ मणी मोजायला कोण येणार? दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, दर दहावा मणी मोठा. म्हणजे मोठा मणी आला की हजार पावले आणि माळ पुरी झाली की दहा हजार, अर्थात पाच मैल. तांब्याच्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदाऐवजी कोऱ्या कागदाची गुंडाळी, तिच्यावर अंतरे आणि दिशा टिपायच्या. होकायंत्रही तिथेच. कुणी जवळ आला की चक्र फिरवत जप सुरू करायचा. जप करणाऱ्याला मध्येच कुणी बोलावत नाही. पेटीला दुहेरी तळ आणि त्यात सेक्स्टंट. कवड्यांत पारा भरून तोंड मेणाने बंद केलेले.

पाऱ्याचे काम मोठे मजेदार आहे. सेक्स्टंटने ताऱ्याची उंची मोजायला क्षितिजाची रेषा लागते. समुद्रावर ती मिळते, डोंगरात मिळत नाही. म्हणून पारा वाडग्यात ओतायचा. त्याचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो आणि त्यात तारा दिसतो. आकाशातला तारा आणि पाऱ्यातला तारा यांच्यातला कोन मोजायचा आणि त्याची निम्मी करायची, की झाली ताऱ्याची उंची. आपल्या जबलपूरला ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २३ अंशांवर दिसतो, कारण आपले अक्षांश तेवढे आहेत. ल्हासात तो साडेएकोणतीस अंशांच्या थोडा वर असतो. उत्तर-दक्षिण अंतराचा हिशोब पावलांनी चुकला तर तारा ती चूक दाखवून देतो. पूर्व-पश्चिम अंतराला मात्र असा सोपा साक्षीदार नव्हता. तिथे सारी भिस्त पावलांवर आणि होकायंत्रावर.

काठीचे काम

आणि काठी? यात्रेकरूची ती काठी आतून पोकळ होती आणि तिच्यात थर्मामीटर होता. काचेची लांब बारीक नळी ठेवायला काठीसारखी जागा नाही. शिवाय डाग ओझ्याच्या जनावरावर जातो, उघडून तपासला जातो. काठी मालकाच्या हातातच राहते.

थर्मामीटर होता तो हवेसाठी तर होताच, पण मुख्य काम उंची काढण्याचे. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी लवकर उकळते. साधारण तीनशे मीटर चढले की उकळबिंदू एका सेल्सियस अंशाने खाली येतो. आपल्या स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची जी उंची लिहिलेली असते, ती सुमारे ४१० मीटर. म्हणजे जबलपूरच्या स्वयंपाकघरात पाणी १०० अंशांवर नव्हे, साडेअठ्ठ्याण्णवच्या जवळपास उकळते. केदारनाथ ३५०० मीटरच्या वर आहे, तिथे ते ८८ अंशांच्या आसपास उकळते. चारधाम करून आलेल्या मंडळींची तिथे डाळ का शिजत नाही, त्याचे कारण हेच. ल्हासा साधारण त्याच उंचीवर आहे.

तेव्हा युक्ती अशी. चहाचे आधण ठेवायचे, काठीतून थर्मामीटर काढायचा, उकळत्या पाण्याचा अंश वाचायचा, पुन्हा काठीत सरकवायचा आणि चहा प्यायचा. पाहणाऱ्याला दिसतो एक थकलेला यात्रेकरू. पण वाचन काटेकोर हवे. फॅरेनहाइटच्या एका अंशाची चूक झाली की उंचीत पाचशे फुटांहून जास्त फरक पडतो. गार वाऱ्यात, घाईत, कुणी येण्याआधी अंशाचा भाग वाचायचा आहे, हे डोळ्यासमोर आणून पाहा.

साध्या वस्तूच्या आड काहीतरी वेगळे असण्याची गोष्ट आपल्या गावाला नवीन नाही. १८३० च्या दशकात कर्नल स्लीमनची ठगांविरुद्धची मोहीम जबलपूरहूनच चालली. ठग सहप्रवासी होऊन येत आणि त्यांचे हत्यार म्हणजे एक रुमाल. कटनीच्या वाटेवरचे स्लीमनाबाद रोड हे स्टेशन त्याच स्लीमनच्या नावाचे. तिथे रुमालाआड घात होता, इथे काठीआड ज्ञान होते. तरीही दोन्हींत समोरच्याचा विश्वास वापरलेला आहे, हे विसरता येत नाही. त्याविषयी पुढे बोलूच.

पंचवीस लाख पावले

१८६५ च्या आरंभी नैनसिंह आणि मानी डेहराडूनहून निघाले. नेपाळमार्गे तिबेटच्या सीमेवर त्यांना परत पाठवण्यात आले. मानी यांची वाट वेगळी झाली. नैनसिंहांनी वेष बदलला, लडाखचे व्यापारी म्हणून पुन्हा प्रयत्न केला आणि पार झाले. पुढे काफिल्याबरोबर त्सांगपोच्या काठाने मजल दरमजल करीत जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासात पोहोचले.

तिथे पैसे संपत आले. मास्तरांनी मास्तरकीच केली. नेपाळी व्यापाऱ्यांना हिशोब ठेवण्याची रीत शिकवून पोट भरले. रात्री ताऱ्यांची निरीक्षणे चालूच होती. बालवयातल्या दलाई लामांचे दर्शनही इतर यात्रेकरूंबरोबर घ्यावे लागले. मग दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांना ओळखले. नैनसिंहांना खरे सांगणे भाग पडले. त्याच सुमारास परवानगीशिवाय आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला होता. त्या व्यापाऱ्यांनी एक शब्द उच्चारला असता तर सगळे संपले असते. त्यांनी गुपित राखले आणि घड्याळ गहाण ठेवून घेऊन पैसेही दिले. या सगळ्या प्रवासात उपकरणांइतकेच मोलाचे काही असेल तर ते या दोघांचे मौन होय, असे मला वाटते.

एप्रिलमध्ये ल्हासा सोडून, मानसरोवराच्या वाटेने ऑक्टोबर १८६६ मध्ये ते डेहराडूनला परतले. सुमारे १२०० मैलांची मोजणी, सुमारे २५ लाख पावले. हिशोब करून पाहा: २५ हजार मणी, अडीचशे माळा. ल्हासाचे त्यांनी काढलेले स्थान आणि त्सांगपोचा वरचा मार्ग नकाशावर आला आणि कित्येक वर्षे तोच आधार राहिला.

याच काळात आपल्या गावात काय चालले होते? १८६७ मध्ये अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरला पोहोचली. मार्च १८७० मध्ये इटारसीकडून जीआयपी येऊन मिळाली आणि मुंबई ते कलकत्ता सलग लोहमार्ग झाला. एकीकडे साखळी, लेव्हल, नकाशे घेऊन दिवसाउजेडी चाललेली मोजणी. दुसरीकडे त्याच वर्षी, १८६७ मध्ये, नैनसिंह पुन्हा माळ ओढत थोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींकडे निघाले होते. पॉलिटेक्निकमध्ये आम्हाला पहिल्यांदा लेव्हलिंग शिकवले तेव्हा जीटीएस बेंचमार्क हा शब्द भेटला. दगडावर कोरलेली ती खूण, जिच्यावरून आमच्या उंच्या निघतात. त्या तीन अक्षरांमागे हिंगणघाटची समाधी आणि मिलमच्या मास्तरांची काठी आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले.

किंमत कुणी मोजली?

इथपर्यंत ही शौर्यकथा आहे. पण ती इथेच थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखे होईल.

नैनसिंहांच्या घराण्यातलेच किशनसिंह १८७८ ते १८८२ असे चार वर्षे तिबेट आणि पलीकडच्या मुलखात मोजत हिंडले. परत आले तेव्हा एकुलता एक मुलगा गेलेला होता आणि घर विस्कटलेले. सिक्कीमचा किन्थुप १८८० मध्ये एका लामाबरोबर त्सांगपोचा शोध घ्यायला गेला. तो लिहायला-वाचायला शिकलेला नव्हता. त्या लामाने त्याला चक्क गुलाम म्हणून विकून टाकले. तो सुटला, आणि सुटल्यावरही घरी न पळता ठरल्याप्रमाणे खुणेच्या पाचशे ओंडक्या, दिवसाला पन्नास याप्रमाणे, नदीत सोडल्या. खाली आसामात कुणीतरी पाहत असेल या भरवशावर. पण त्याचा निरोप वेळेवर पोहोचलाच नव्हता. नदीवर कुणी नव्हते. १८८४ मध्ये तो परतला तर त्याच्या सांगण्यावर पुरता विश्वासही ठेवला गेला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मॉर्सहेड या अधिकाऱ्यांनी तो भाग पाहिला, तेव्हा त्याचे सांगणे बहुतांशी खरे निघाले.

आणि तिबेटी लोकांचे काय? शरच्चंद्र दास हे दार्जिलिंगच्या शाळेचे हेडमास्तर. १८८१-८२ मध्ये तेही ल्हासाला जाऊन आले. त्यांना विद्येच्या प्रेमाने आसरा देणारे सेंगचेन लामा होते. दास कोण होते ते पुढे उघडकीला आले, तेव्हा १८८७ मध्ये त्या लामांना नदीत बुडवून देहान्त शासन देण्यात आले. दास सुखरूप घरी होते. १९०४ मध्ये ब्रिटिश फौज ल्हासात शिरली, तेव्हा ती वाट अनोळखी राहिलेली नव्हती. तिबेटी अधिकारी यात्रेकरूंच्या पेट्या तपासत होते, ते उगाच नव्हे.

म्हणून मला वाटते, काठीतल्या थर्मामीटरला नुसते कौतुकाने पाहू नये. तो वाचणाऱ्या माणसाचे कौशल्य आणि हिंमत अव्वल दर्जाची होती, यात शंका नाही. पण मोजून आणलेला आकडा कुणाच्या टेबलावर जातो आणि त्याचा उपयोग कशासाठी होतो, हे ठरवणे त्याच्या हातात नव्हते. काठी त्याची, हिशोब दुसऱ्याचा.

नाव कुणाचे?

शेवटी एक गोष्ट नावांची. सुरक्षिततेसाठी या माणसांची नावे कागदावर नसत. नैनसिंह ‘नंबर एक’ किंवा नुसते ‘पंडित’, किशनसिंह ‘ए-के’. काम चालू असताना हे आवश्यक होते. नैनसिंहांच्या बाबतीत पुढे नाव उघड झाले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांचे तिकीट काढले. राधानाथ सिकदारांच्या बाबतीत उलटे घडले. सर्वेक्षणाच्या सरकारी हस्तपुस्तकाच्या आधीच्या आवृत्त्यांत त्यांच्या कामाचा उल्लेख होता, तो त्यांच्या मृत्यूनंतरच्या १८७५ च्या आवृत्तीतून गळाला. किन्थुपची तर बहुतेकांना आजही माहिती नाही. आणि त्या दोन काश्मिरी व्यापाऱ्यांचा उल्लेख येतो तो ‘दोन व्यापारी’ एवढाच.

आता उंची मोजायला पाणी उकळावे लागत नाही. खिशातला मोबाईल उपग्रहाला विचारून आकडा सांगतो. थंडीच्या रात्री रूळ तडकतात म्हणून गस्तीला निघणाऱ्या आमच्या ट्रॅकमनच्या हातातही जीपीएसचे यंत्र आले आहे. तो कुठून कुठे आणि किती वेळात गेला, ते कचेरीत दिसते. यंत्र चांगलेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण यंत्र चालत नाही, माणूस चालतो. रुळाला आलेली केसाएवढी चीर यंत्राला दिसलेली नसते. ती त्याच्या बॅटरीच्या उजेडात, त्याच्या डोळ्याला दिसते. रिपोर्टवर किलोमीटर नंबर येतो, वेळ येते आणि खाली सही माझ्यासारख्याची असते.

म्हणून सेक्शनवर मी एक सवय लावून घेतली आहे. कुणी चीर शोधली, ढिली फिशप्लेट दाखवली, पुराच्या रात्री पुलावर पाण्याची खूण वाचून सांगितली, की रजिस्टरात त्या माणसाचे पूर्ण नाव लिहायचे. ‘गँगने कळवले’ असे लिहायचे नाही. काम लहान आहे, दोन ओळींचे आहे. मंडळातले जे सहकारी कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत, कचेरीत आहेत, त्यांच्याही हाताखाली कुणीतरी मोजून, वाचून, पाहून सांगणारे असतेच. त्यांची नावे आपापल्या रजिस्टरात येऊ द्यावीत, एवढीच या निमित्ताने विनंती.

आपल्या स्टेशनच्या पाटीवरचा तो उंचीचा आकडा मुलांना जरूर दाखवा. तो कसा निघाला असे त्यांनी विचारले, तर घरी पाणी उकळून थर्मामीटर घालून बघायला सांगा. आणि मग मिलमच्या मास्तरांची गोष्ट, त्यांच्या नावानिशी, सांगा.